८५ आणि ७८ मिळून ८५७८ कसे होतात?

मुलांच्या पहिल्यावहिल्या प्रोग्रॅममध्ये संगणक असली भलतीच उत्तरे देतो, तेव्हा चूक मुलाच्या बुद्धीची नसते आणि संगणकाचीही नसते. दोघांची एकमेकांशी नीट ओळख झालेली नसते, एवढेच. ही ओळख करून देण्यात घरातली वडीलधारी माणसेही मोठी मदत करू शकतात, मग त्यांना प्रोग्रॅमिंग येत नसले तरी चालेल.

मुलगा किंवा मुलगी शाळेत ‘पायथन’ शिकू लागली, की पहिले काही दिवस घरात कौतुकाचे असतात. पडद्यावर ‘नमस्कार’ अशी अक्षरे उमटतात आणि आजी-आजोबांना बोलावून ती दाखवली जातात. आठ-दहा दिवसांतच चित्र पालटते. पडद्यावर लाल रंगातल्या इंग्रजी ओळी दिसू लागतात, मूल हिरमुसते आणि म्हणते, “मला हे जमणारच नाही.” आई-वडील एकमेकांकडे पाहतात. महागडा क्लास लावावा, की हा विषयच सोडून द्यावा, अशी चर्चा सुरू होते.

आता हा प्रश्न थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेच्या आधीच्या वर्गांपासूनच मुलांना कोडिंगची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणक शास्त्रात पायथन शिकवली जाते. तेव्हा मूल नेमके कुठे अडखळते, हे पालकांनी समजून घेतलेले बरे. पुष्कळदा ते अवघड गणितापाशी अडत नाही. संगणकाने माणसाला प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर ऐकून घ्यायचे आणि निकाल सांगायचा, या साध्या देवघेवीतच त्याचे पाऊल अडते.

बोलणे सोपे

संगणकाला बोलते करणे हा सर्वांत सोपा भाग. पायथनमध्ये त्यासाठी ‘प्रिंट’ हा शब्द आहे. कंसात आणि अवतरणचिन्हांत जे लिहावे, ते जसेच्या तसे पडद्यावर येते. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांनी १९७८ साली ‘सी’ या भाषेवर पुस्तक लिहिले. त्यातला पहिला प्रोग्रॅम फक्त ‘हॅलो, वर्ल्ड’ एवढेच म्हणतो. तेव्हापासून जगभर नवी भाषा शिकताना पहिला श्रीगणेशा याच दोन शब्दांनी करण्याची प्रथा पडली.

पण पडद्यावर अक्षरे दाखवायची, तर त्याला ‘प्रिंट’, म्हणजे ‘छाप’, का म्हणायचे? कारण पूर्वी ती खरोखरच कागदावर छापली जात. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्त्झ या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली ‘बेसिक’ ही भाषा तयार केली. गणित-विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. विद्यार्थ्यांसमोर पडदा नसे. तारयंत्रासारखा टेलिटाइप असे. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे या वेगाने तो खडखडाट करीत कागदाच्या गुंडाळीवर उत्तर छापत असे. कागद गेला, खडखडाट गेला, पण ‘प्रिंट’ हा शब्द मात्र राहिला. ओळ संपली की आपण जी ‘एंटर’ कळ दाबतो, तीही टाइपरायटरचा गाडा मागे सारून नवी ओळ धरण्याच्या क्रियेचीच वारस आहे.

गंमत म्हणजे, या पहिल्या बेसिकला बोलता येत होते, पण चालू प्रोग्रॅममध्ये थांबून समोरच्या माणसाला प्रश्न विचारता येत नव्हता. लागणारी माहिती प्रोग्रॅममध्येच आधी लिहून ठेवावी लागे. विचारण्याची सोय करणारा ‘इनपुट’ हा शब्द १९६६ सालच्या आवृत्तीत आला.

इथे पालकांसाठी एक व्यवहारातली गोष्ट. ताईचे जुने पुस्तक धाकट्याला देण्याची आपल्याकडे चांगली पद्धत आहे. पायथनच्या बाबतीत मात्र पुस्तकाची आवृत्ती पाहून घ्यावी. डिसेंबर २००८ मध्ये पायथनची तिसरी आवृत्ती आली आणि ‘प्रिंट’नंतर कंस घालणे सक्तीचे झाले. प्रश्न विचारण्याच्या शब्दाचा अर्थही बदलला. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे. जुन्या पुस्तकातला धडा आजच्या संगणकावर बिनचूक उतरवूनही चालत नसेल, तर मुलाला दोष देण्याआधी पुस्तकाचे साल पाहावे.

ऐकणे अवघड

आता ‘इनपुट’कडे वळू. संगणक पडद्यावर प्रश्न लिहितो आणि वाट पाहत थांबतो. या प्रश्नाला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. नाटकात विंगेतून वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर सर्वांना माहीत आहे. नटाने आता काय बोलायचे, हे तो सुचवतो. प्रोग्रॅमचा प्रॉम्प्टही समोरच्या माणसाला तेच सांगतो, की आता तुमची पाळी, अमुक माहिती द्या.

अनेक मुले पहिल्या खेपेला हा प्रश्नच लिहायला विसरतात. मग पडदा कोराच राहतो. मूल संगणकाची वाट पाहते आणि संगणक मुलाची. ‘प्रोग्रॅम अडकला’ अशी तक्रार येते, तेव्हा तो अडकलेला नसतो, निमूटपणे ऐकत बसलेला असतो. दुसरी मुले प्रश्न लिहितात, पण तो अर्धवट असतो. ‘वजन?’ एवढेच विचारले, तर समोरच्याने किलो सांगायचे की ग्रॅम? तारीख विचारली, तर दिवस आधी की महिना आधी? प्रश्न नेमका विचारला, तरच उत्तर नेमके येते. हा धडा संगणकापुरता नाही, हे सांगायला नकोच.

बेरीज अशी कशी?

समजा, सातवीतल्या मुलीने दोन विषयांच्या गुणांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. पायथनचे शब्द टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

गणित = इनपुट("गणिताचे गुण? ")
विज्ञान = इनपुट("विज्ञानाचे गुण? ")
प्रिंट(गणित + विज्ञान)

ती गणिताला ८५ आणि विज्ञानाला ७८ लिहिते. उत्तर यायला हवे १६३. पडद्यावर येते ८५७८!

संगणक गणितात कच्चा झाला काय? मुळीच नाही. की-बोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथनच्या दृष्टीने केवळ अक्षरांची माळ असते. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला ‘८५’ आणि गल्ल्यातले ८५ रुपये यांत जो फरक, तोच इथे आहे. दोन पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर ‘८५७८’ असेच वाचता येईल. अक्षरांच्या बाबतीत अधिक या चिन्हाचा अर्थ ‘जोडून ठेव’ असा होतो आणि संगणक इमानदारीने तेच करतो.

ही अक्षरे नसून संख्या आहे, असे त्याला मुद्दाम सांगावे लागते. त्यासाठी पूर्णांकाकरिता ‘इंट’ आणि अपूर्णांकाकरिता ‘फ्लोट’ हे शब्द आहेत.

गणित = इंट(इनपुट("गणिताचे गुण? "))

दोन्ही ओळींत हा बदल केला, की १६३ हे उत्तर हजर होते.

ज्या आई-वडिलांनी शाळेत असताना बेसिक शिकले, त्यांना हे ओळखीचे वाटेल. भारत सरकारच्या ‘क्लास’ या योजनेतून १९८४ पासून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. पुढे पुष्कळांनी जीडब्ल्यू-बेसिकवर हात बसवला. त्यात अक्षरे ठेवायची असतील, तर नावापुढे डॉलरचे चिन्ह द्यावे लागे. संख्येच्या जागी कुणी अक्षरे टाइप केली, तर ‘रीडू फ्रॉम स्टार्ट’ असा दम मिळे. भाषा बदलली, पण अक्षर आणि अंक यांतला भेद तोच आहे. हे मुलांना सांगून पाहावे. आईलाही यातले काही कळते, या शोधाने मुलांचा धीर वाढतो.

मराठी घरांसाठी आणखी एक आनंदाची गोष्ट. वरच्या उदाहरणात ‘गणित’ आणि ‘विज्ञान’ ही नावे देवनागरीत लिहिली तरी पायथनची तिसरी आवृत्ती ती स्वीकारते. प्रश्न मराठीत विचारता येतो. इतकेच नव्हे, तर उत्तर देवनागरी अंकांत ‘८५’ असे दिले, तरी ‘इंट’ त्याची बरोबर संख्या करतो. ‘पंच्याऐंशी’ असे शब्दांत लिहिले, तर मात्र त्याला समजत नाही. हिशेबाच्या सवयीने स्वल्पविराम देऊन १,२०० लिहिले, तरी तो नकार देतो. काही न लिहिता नुसती एंटर कळ दाबली, तरीही तेच.

वडिलांचे नाव कुठे गेले?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि अनेक क्लासेसमध्ये आजही सुरुवात सी भाषेने होते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर तर देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या शिकल्या. सीमध्ये बोलण्यासाठी ‘प्रिंटएफ’ आणि ऐकण्यासाठी ‘स्कॅनएफ’ आहे. येणारी गोष्ट संख्या आहे की अक्षरे, हे इथे आधीच सांगावे लागते. शिवाय ती स्मृतीत कुठे ठेवायची, त्या जागेचा पत्ताही द्यावा लागतो. हा पत्ता म्हणजे नावाआधीचे ‘अँपरसँड’ हे चिन्ह. ते विसरले, तर टपाल भलत्याच घरी जाते आणि प्रोग्रॅम कोसळू शकतो.

यापेक्षा मजेदार अडचण नावाची. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. स्कॅनएफला साधी अक्षरे घ्यायला सांगितली, तर तो पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबतो. म्हणजे तो फक्त पहिले नाव उचलतो. वडिलांचे नाव आणि आडनाव नाहीसे होत नाही. ते रांगेत ताटकळत उभे राहते आणि पुढचा प्रश्न ‘तुमचे वय?’ असा आला, की वडिलांचे नावच पुढे सरकते! पडद्यापुढच्या माणसाला काही टाइप करण्याची संधीही मिळत नाही. प्रोग्रॅम प्रश्न गाळून पुढे पळाला, असे मुलाला वाटते. खरे तर आधीचे शिल्लक राहिलेले उत्तर त्याच्या हाती पडलेले असते. यावर उपाय म्हणजे शब्द न घेता सबंध ओळ घेणे. सीमध्ये त्यासाठी ‘एफगेट्स’ आहे. पायथनचा इनपुट मुळातच सबंध ओळ घेतो, म्हणून तिथे ही भानगड होत नाही.

दारावर चौकशी हवी

जुन्या पुस्तकांत ओळ घेण्यासाठी ‘गेट्स’ नावाची दुसरी सोय दिलेली आढळते. ती मुलांनी वापरू नये, आणि त्याचे कारण ऐकण्याजोगे आहे. किती अक्षरे येत आहेत, हे गेट्स मोजतच नाही. पेल्यात मावेल त्याहून जास्त पाणी ओतावे, तशी अक्षरे ठरलेल्या जागेबाहेर सांडतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने हजारो संगणक ठप्प केले. त्याच्या शिरकावाची एक वाट हीच होती. ५१२ अक्षरांच्या जागेत त्याने ५३६ अक्षरे घुसवली. शेवटी २०११ साली सीच्या प्रमाणित आवृत्तीतून गेट्स काढून टाकण्यात आले.

लांबी बरोबर, अंकही बरोबर, तरी उत्तर वेडगळ असू शकते. ८ डिसेंबर २००५ रोजी टोकियोत मिझुहो सिक्युरिटीज या दलाली संस्थेच्या कर्मचाऱ्याला जे-कॉम या कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. त्याने टाइप केले ६,१०,००० शेअर्स, प्रत्येकी १ येनला! कंपनीचे एकूण शेअर्सच १४,५०० होते. पडद्यावर इशारा आला, पण तो दुर्लक्षिला गेला. सौदा रद्द करण्याचा प्रयत्न शेअर बाजाराच्या यंत्रणेतील दोषामुळे फसला. नुकसान सुमारे ४० अब्ज येनच्या घरात गेले.

शाळकरी मुलाच्या प्रोग्रॅममध्ये एवढे काही जात नाही. पण विचार करण्याची रीत तीच. गुण शंभरपैकी असतील, तर १८५ हे उत्तर प्रोग्रॅमने स्वीकारावे काय? उणे पाच स्वीकारावे काय? आणि परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलाचे काय लिहायचे? शून्य लिहिले, तर तो नापास ठरेल. पेपर कोरा देणे वेगळे आणि आजारपणामुळे परीक्षेला न बसणे वेगळे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हा भेद लक्षात घेतला नाही, तर एखाद्याच्या निकालावर अन्याय होऊ शकतो. पडद्यामागे खरी माणसे असतात, हे भान इथपासूनच यायला हवे.

पायथनमध्ये यासाठी ‘व्हाइल’, म्हणजे बरोबर उत्तर येईपर्यंत पुन्हा विचार, आणि ‘ट्राय-एक्सेप्ट’, म्हणजे करून पाहा आणि बिघडले तर कोसळू नकोस, अशी साधने आहेत. चुकीच्या उत्तरावर ‘एरर’ असे नुसते खेकसण्यापेक्षा ‘कृपया ० ते १०० मधील संख्या लिहा’ असे सांगणारा प्रोग्रॅम केव्हाही चांगला.

उत्तर सांगण्याचीही रीत असते

निकाल छापताना शेवटचा धक्का बसतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथनला विचारली, तर ०.३ ऐवजी ०.३ नंतर पंधरा शून्ये आणि शेवटी ४ असे लांबलचक उत्तर मिळते. कारण संगणक संख्या दोनच चिन्हांत, म्हणजे ० आणि १ यांत साठवतो. आपल्याला एक भागिले तीन दशांश पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३ असे लांबतच जाते. तसाच एक दशांश हा आकडा संगणकाला त्याच्या पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. त्यात केसाएवढा फरक राहतो. दुधाचे बिल छापायचे असेल, तर दशांश चिन्हानंतर दोनच अंक दाखव, असे त्याला सांगावे. पैशांच्या हिशेबाला याहून चांगली युक्ती म्हणजे सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवणे आणि छापतानाच रुपये करणे.

स्वल्पविरामाचीही एक गंमत आहे. पायथनला आकड्यात स्वल्पविराम घालायला सांगितले, तर तो पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन अंकांनंतर घालतो. आपले सव्वा लाख १,२५,००० असे न येता १२५,००० असे येते. लाख-कोटींची आपली पद्धत हवी असेल, तर ती शिकाऊ मुलाने स्वतः लिहून काढावी. दहावीच्या मुलाला सुटीत पुरेल असा हा उत्तम प्रश्न आहे.

आणखी एक छोटी अडचण. विंडोजवर प्रोग्रॅमच्या फाइलवर दोनदा क्लिक केले, की काळी खिडकी लखकन उघडते आणि मिटते. उत्तर वाचायलाच मिळत नाही. शेवटच्या ओळीत ‘बाहेर पडण्यासाठी एंटर दाबा’ असा इनपुट टाकला, की खिडकी थांबते. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेले लोक याचसाठी शेवटी ‘गेटसीएच’ लिहीत असत.

घरच्यांनी काय करावे?

पायथन फुकट मिळते. त्यामुळे पहिल्या पायऱ्यांसाठी खर्चाची गरज नाही, वेळेची आहे. रोज अर्धा तास शेजारी बसावे. पुढील गोष्टी कोणत्याही घरात करता येतील.

१. आधी खेळ, मग संगणक. आईने संगणक व्हावे आणि मुलाने आज्ञा द्याव्यात. सांगितले तेवढेच करायचे, मनाने काही करायचे नाही. ‘चहा कर’ या आज्ञेत किती गोष्टी न सांगता गृहीत धरल्या आहेत, हे हसत हसत कळते.

२. लाल ओळी दिसल्या, की मुलाला शेवटची ओळ मोठ्याने वाचायला सांगावी. पायथन काय बिघडले ते तिथे सांगतो आणि कितव्या ओळीत बिघडले ते तिच्या वर. इंग्रजी अडत असेल, तर अर्थ लावायला मदत करावी.

३. उत्तर भलते आले, तर ‘तू काय टाइप केलेस आणि संगणकाने त्याचे काय मानले?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. पुष्कळदा मुलाला बोलता बोलताच चूक सापडते.

४. प्रोग्रॅम तयार झाला, की तो आजोबांपुढे ठेवावा. ते आकड्याऐवजी शब्द लिहितील, मध्येच स्वल्पविराम देतील, नुसतीच एंटर दाबतील. हीच खरी परीक्षा. मुलाने ‘असं नाही लिहायचं हो, आजोबा’ असे म्हटले, तर त्याला हळूच सांगावे, की आजोबांना बदलायचे नाही, प्रोग्रॅम सुधारायचा.

५. पहिले प्रोग्रॅम घरच्या कामाचे असावेत. दुधाचा महिन्याचा हिशेब, वीजबिलातील युनिटांची वजाबाकी, भिशीची यादी. ज्याचे उत्तर आईला आधीच माहीत आहे, त्यात चूक लगेच दिसते.

पडद्यावरची रंगीत चित्रे, खेळ आणि मोबाईलची ॲप हे सगळे पुढे येईलच. तिथेही हीच चार कामे असतात. नेमके विचारायचे, पूर्ण ऐकायचे, ऐकलेले तपासायचे आणि समोरच्याला समजेल असे सांगायचे. ही चार कामे ज्या मुलाने काळ्या-पांढऱ्या पडद्यावर धीराने गिरवली, त्याचा पाया पक्का झाला. म्हणून ८५७८ असे उत्तर आले, तर हताश होऊ नये. त्या दिवशी मुलाच्या हाती प्रोग्रॅमिंगमधला पहिला खरा प्रश्न आलेला असतो, आणि तो त्याला सोडवू द्यावा.